वेटर होता ते सोड, जेन्सन हुआंगनं खरं काय केलं ते सांगतो

प्रश्न बडोद्यातल्याच एका मुलाचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे तो. ग्राफिक्स आणि एआयच्या चिपवाल्या एनव्हिडियाचा जेन्सन हुआंग हॉटेलात उष्टी भांडी उचलायचा आणि आज जगातल्या सगळ्यात महागड्या कंपनीचा सीईओ आहे, घरी बाबा म्हणतात नशीब, कॉलेजात सर म्हणतात व्हिजन, तर यातलं खरं काय आणि हे सगळं बघून मी कुडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर हवी ती गणितं चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर, शिकायला घेऊ का, असं त्यानं विचारलंय.

सयाजीगंजात माझा हार्डवेअरचा धंदा आहे, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून. सायबर कॅफे उभे करून दिले, गेमिंगवाल्या पोरांना कार्डं विकली, पण पोट भरलं ते कन्सल्टन्सीवाल्यांवर. बडोद्यात रिफायनरी, फर्टिलायझर आणि त्यांच्या आजूबाजूला वाढलेली इंजिनिअरिंगची ऑफिसं, तिथे दिवसभर पायपिंगची ड्रॉइंगं चालतात आणि त्या मशीनमध्ये चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणजे या माणसाचा माल मी पहिल्यापासून विकत आलोय. शेअरवाल्यांना जे दिसतं त्यापेक्षा काउंटरवरून जरा वेगळं दिसतं, म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी ते वेटरचं संपवू. हुआंगचे वडील केमिकल इंजिनिअर, रिफायनरीतले, आणि आई शिक्षिका. बडोद्याच्या माणसाला हे घर लगेच डोळ्यासमोर येईल, आपल्याकडे रिफायनरी टाउनशिपमध्ये अशी किती घरं आहेत. जन्म १९६३ चा, तैवानमधला, पाच वर्षांचा असताना घर थायलंडला गेलं. आईला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं तरी रोज डिक्शनरीतले दहा शब्द काढून दोन्ही पोरांकडून घोकून घ्यायची. पुढे थायलंडमध्ये गडबड सुरू झाली म्हणून नऊ वर्षांच्या जेन्सनला आणि त्याच्या भावाला अमेरिकेत नातेवाइकांकडे पाठवलं, आणि त्या नातेवाइकांनी चांगलं बोर्डिंग स्कूल समजून त्यांना केंटकीतल्या ओनायडा बॅप्टिस्ट इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. ती निघाली घरच्यांना न आवरणाऱ्या पोरांची शाळा. तिथे याच्याकडे संडास धुवायची ड्यूटी होती, रूममेट सतरा वर्षांचा आणि वाचता न येणारा, याने त्याला वाचायला शिकवलं आणि त्यानं याला व्यायाम. नऊ-दहा वर्षांच्या पोरासाठी हे खरंच कठीण आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण वेटरचं काम त्यानंतरचं. आईवडील अमेरिकेत ओरेगॉनला आले, घर परत एक झालं, हा शाळेत टेबल टेनिस खेळायला लागला, देशपातळीवर खेळण्याइतका चांगला, आणि पंधराव्या वर्षी डेनीज नावाच्या हॉटेलात लागला, आधी भांडी, मग टेबलं पुसणं, मग वेटर. अमेरिकेत शाळकरी मुलं असली कामं सर्रास करतात, त्यात गरिबी शोधू नये. नंतर ओरेगॉन स्टेटमधून १९८४ ला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, एएमडी या चिप कंपनीत नोकरी, तिथून एलएसआय लॉजिक या दुसऱ्या चिप कंपनीत, आणि नोकरी करता करता स्टॅनफर्डची मास्टर्स, ती १९९२ ला पूर्ण झाली. कंपनी काढली तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि नऊ वर्षं चिपच्या धंद्यात घासलेला होता. वेटरची गोष्ट सगळे सांगतात आणि ही नऊ वर्षं कोणी सांगत नाही, कारण त्यात फोटोसारखं काही नाही.

कंपनी १९९३ च्या एप्रिलमध्ये निघाली. बरोबर दोघं, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम, दोघंही सन मायक्रोसिस्टिम्स या कंप्युटर कंपनीतले. सॅन होजेतल्या डेनीजमध्येच बसून ठरवायचे, कॉफी स्वस्त आणि कोणी उठवत नाही. डोक्यात एवढंच होतं की पीसीवर थ्रीडी गेम येणार आणि त्यासाठी वेगळी चिप लागणार. एलएसआयच्या जुन्या बॉसनं, विल्फ्रेड कॉरिगननं, नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या सिकोया कॅपिटलच्या डॉन व्हॅलेंटाइनकडे शब्द टाकला आणि पैसे उभे राहिले. इथे एक लक्षात घे, त्याचा बिझनेस प्लॅन चांगला नव्हता हे तो स्वतःच सांगतो, पैसे मिळाले ते जुन्या मालकानं याचं काम बघितलेलं होतं म्हणून. आपल्याकडे बाजारात ओळखीवर उधारी मिळते तेच हे, फक्त आकडा मोठा.

मग पहिला माल आला, एनव्ही१, १९९५ मध्ये, आणि आपटला. त्यांनी थ्रीडी आकार काढायला वक्र पृष्ठभागाची पद्धत धरली होती, बाकी दुनिया त्रिकोण जोडून आकार काढत होती. कागदावर याची पद्धत हुशारीची होती. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठी डायरेक्ट थ्रीडी आणलं, म्हणजे गेमनं कार्डाकडून थ्रीडी काम करून घ्यायची ठरलेली पद्धत, आणि त्यात फक्त त्रिकोण. म्हणजे गेम बनवणारे सगळे त्रिकोणाकडे, आणि याच्या कार्डावर चालणारे गेम मोजके. वर त्या कार्डात साउंडही घुसवलेला, जॉयस्टिकही सेगा या गेम कन्सोलच्या कंपनीची, सगळं एकाच कार्डात कोंबायच्या नादात किंमत वाढलेली.

आता गंमत अशी की त्याच वेळी त्यांच्याकडे सेगाचं कॉन्ट्रॅक्ट होतं, पुढच्या गेम कन्सोलसाठी चिप बनवायचं, आणि तीही त्याच जुन्या पद्धतीनं. पूर्ण करावं तर चुकीच्या तंत्राची चिप होणार आणि कंपनी मागे पडून मरणार, सोडावं तर पैसे नाहीत म्हणून मरणार. हुआंग सेगाचे बडे अधिकारी इरिमाजिरी यांच्याकडे गेला आणि सरळ सांगितलं की आमची पद्धत चुकलीय, तुम्ही दुसरा बघा, पण ठरलेले पैसे मात्र आम्हाला द्या, नाहीतर आम्ही बंद. आणि त्या माणसानं दिले! ५० लाख डॉलर. माझ्या मते त्याच्या सगळ्या करिअरमधला सगळ्यात मोठा दिवस हा, बाकी ट्रिलियन बिलियन नंतरचं. काम पूर्ण न करता पूर्ण पैसे मागायला किती हिंमत लागते हे ज्यानं पार्टीकडून पेमेंट काढलंय त्यालाच कळेल, आणि समोरच्यानं दिले याचा अर्थ याने तोपर्यंत खोटं बोललेलं नव्हतं.

त्या पैशात त्यांना जेमतेम सहा महिने मिळाले. निम्म्याहून जास्त माणसं काढली, शंभराची चाळीसच्या आसपास राहिली. नवीन चिपचे नमुने बनवून तपासत बसायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या पैशातला मोठा हिस्सा एम्युलेटर मशीनवर घातला, म्हणजे चिप बनायच्या आधी ती सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघायची, कासवाच्या चालीनं, आणि मग थेट प्रॉडक्शनला ऑर्डर. तेव्हा असं सहसा कोणी करत नव्हतं. रिव्हा १२८ ही ती चिप, १९९७ मध्ये आली, आली तेव्हा कंपनीकडे एका महिन्याच्या पगाराचे पैसे उरले होते आणि चार महिन्यांत दहा लाख चिपा गेल्या. पुढे कितीतरी वर्षं हुआंग कंपनीत सांगत असायचा की आपण बंद पडण्यापासून तीस दिवसांवर आहोत.

इथून पुढचं माझ्या काउंटरवरचं. तेव्हा थ्रीडी म्हणजे व्हूडू नावाचं कार्ड, थ्रीडीएफएक्स कंपनीचं. ते कार्ड घ्यायचं तर साध्या डिस्प्लेसाठी दुसरं कार्ड मशीनमध्ये असायलाच लागायचं, आणि दोन्ही कार्डांना मागून एक छोटी केबल जोडायची, ती सैल झाली की स्क्रीन काळी. रिव्हा आणि त्यानंतरची टीएनटी, टीएनटी२, यात दोन्ही कामं एकाच कार्डात. गिऱ्हाईक विचारायचं "केटलानुं पडशे?", म्हणजे कितीला पडेल, त्याला दोन कार्डांचा भाव सांगण्यापेक्षा एकाचा सांगणं सोपं. टीएनटी२ चं ते स्वस्त एम६४ मॉडेल आलं तेव्हा बडोद्यातल्या सायबर कॅफेंनी सरसकट तेच घातलं.

आणि दुसरी गोष्ट ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरची. यावर लोक लिहीत नाहीत पण दुकानदाराला विचार. तेव्हा प्रत्येक कार्डाची वेगळी सीडी, सीडी हरवली की गिऱ्हाईक पीसी उचलून दुकानात. एनव्हिडियानं डेटोनेटर नावाचा एकच ड्रायव्हर काढला, जुनं कार्ड असो नवं असो, तोच चालतो. आमच्याकडे एक सीडी करून ठेवली की झालं. ही खोड लक्षात ठेव, महागापासून स्वस्तापर्यंत सगळ्या कार्डांवर एकच सॉफ्टवेअर, कारण एआयची अख्खी गोष्ट पुढे हिच्यावरच येऊन थांबणार आहे.

थ्रीडीएफएक्सनं त्याच सुमाराला एसटीबी नावाची कार्ड बनवणारी कंपनी घेतली आणि ठरवलं की आता आमच्या चिपची कार्डं आम्हीच बनवणार. म्हणजे काल जे कार्डवाले त्यांची चिप घेत होते ते आज त्यांचे स्पर्धक. ते सगळे उठून एनव्हिडियाकडे आले. हुआंग चिपच विकत राहिला, कार्ड कोणीही बनवा. शिवाय तीन टीम समांतर लावून दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन, बाकीचे दीड वर्ष घ्यायचे. १९९९ च्या जानेवारीत शेअर बाजारात आला, १२ डॉलरला, त्याच वर्षी जीफोर्स २५६ आणली आणि डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सचंच सामान, पेटंटं, माणसं उचलली, ७ कोटी डॉलर रोख आणि वर काही शेअर.

त्याच्यातला व्यापारी बघायचा असेल तर क्वाड्रो बघ. क्वाड्रो म्हणजे ड्रॉइंगवाल्यांचं कार्ड, ऑटोकॅड, थ्रीडी प्लांट मॉडेल वगैरे. सुरुवातीच्या काळात आत चिप जवळपास तीच असायची जी जीफोर्समध्ये, भाव मात्र कुठल्याकुठे. हौशी लोक बोर्डावरचा एक रेझिस्टर हलवून किंवा सॉफ्टवेअरची युक्ती करून जीफोर्सचं क्वाड्रो करायचे, बडोद्यातही करून द्या म्हणून येणारे होते. मी कन्सल्टन्सीवाल्यांना ते कधी करून दिलं नाही कारण ते पैसे देतात ते चिपचे नसतात, कॅड कंपनीनं तपासून पास केलेल्या ड्रायव्हरचे असतात. दोनशे लोकांचं ऑफिस आहे, टेंडरची तारीख उद्या आहे, मॉडेल फिरवताना मशीन लटकलं नाही पाहिजे, त्याचे ते पैसे. हुआंगला हे फार लवकर कळलं होतं की हार्डवेअरवाला म्हणून जो माल आपण विकतो त्यातली खरी कमाई सॉफ्टवेअरमध्ये लपलेली आहे.

आता मुख्य विषय, कुडा. स्टॅनफर्डमधला इयन बक नावाचा मुलगा ग्राफिक्स कार्डावर गेम सोडून दुसरी गणितं चालवायच्या मागे होता, त्याला एनव्हिडियानं घेतला. ग्राफिक्स कार्डात शेकडो छोटे कॅल्क्युलेटर एकाच वेळी चालतात, स्क्रीनवरच्या लाखो ठिपक्यांचा रंग काढायला. मग तेच कॅल्क्युलेटर साध्या सी भाषेतून कोणालाही वापरता आले तर? २००६ च्या नोव्हेंबरमध्ये जीफोर्स ८८०० आलं त्यात ही सोय पहिल्यांदा चिपमध्येच होती आणि २००७ मध्ये सॉफ्टवेअर फुकट वाटलं.

ग्राहक कोण? कोणीच नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, हवामानवाले, रेणूंचं सिम्युलेशन करणारे, तेल शोधणारे, आपल्या मकरपुऱ्यात ओएनजीसी आहे म्हणून सायस्मिक डेटा, म्हणजे कंपनांवरून जमिनीखालचे थर शोधायची माहिती, म्हणजे काय ते इथे कोणाला समजावावं लागत नाही, तसली मंडळी. पण त्यांच्यावर एवढी मोठी कंपनी चालत नाही. आणि या सोयीसाठी प्रत्येक चिपमध्ये जास्तीची जागा जाते, जागा म्हणजे सिलिकॉन, सिलिकॉन म्हणजे पैसे. गेम खेळणाऱ्या पोराला याचा काडीचा उपयोग नाही, तो जास्त पैसे देणार नाही, म्हणजे कंपनीनं स्वतःच्या मार्जिनमधून सोसायचं.

बहुतेक कंपन्या इथे काय करतील ते सांगतो. त्या म्हणतील, शास्त्रज्ञांसाठी वेगळं महाग कार्ड काढा, गेमवाल्याच्या कार्डातून हे काढून टाका, खर्च वाचेल. धंद्याच्या हिशोबानं अगदी बरोबर. हुआंगनं शास्त्रज्ञांसाठी टेस्ला म्हणून महाग कार्डं काढली खरी, पण कुडा सगळ्यात ठेवलं. सगळ्यात म्हणजे ८४०० जीएस सारख्या कार्डातसुद्धा, जी कार्डं मी मदरबोर्डचा डिस्प्ले उडालेल्या टॅलीच्या मशीनमध्ये बसवून दिलीत, त्या बिल बनवणाऱ्या पोराच्या टेबलाखाली कुडा चालू शकणारी चिप होती आणि त्याला पत्ता नव्हता. मलाही त्यात विकण्यासारखं काही दिसत नव्हतं, खोक्यावर एक लोगो छापलेला असायचा एवढंच.

वेळही वाईट होती. २००८ मध्ये नोटबुकच्या काही चिपांच्या पॅकेजिंगचं मटेरियल कमजोर निघालं, त्यासाठी कंपनीनं १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, त्यात मंदी, शेअर वरच्या भावापासून ऐंशी टक्क्यांहून जास्त खाली. विश्लेषक म्हणत होते हा कुडाचा शौक बंद करा. पुढची कितीतरी वर्षं असंच चाललं. ज्या गोष्टीला कोणी मागत नाही ती प्रत्येक नगामागे स्वतःच्या खिशातून घालत राहायची, दर तिमाहीला शेअरहोल्डरला तोंड द्यायचं, आणि तरी काढून टाकायची नाही. तुझे सर ज्याला व्हिजन म्हणतात ते हे असावं, पण व्हिजन म्हटलं की वाटतं त्याला एआय दिसत होतं. तसं नव्हतं. एवढी गणितं करायची ताकद स्वस्तात सगळीकडे पोचली तर कोणीतरी काहीतरी करेल, इतपतच खात्री होती, काय करेल ते ठाऊक नव्हतं.

आणि केलं कोणी? टोरंटो युनिव्हर्सिटीच्या दोन विद्यार्थ्यांनी. अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की आणि इल्या सुत्स्केव्हर, त्यांचे प्रोफेसर जेफ्री हिंटन. २०१२ ची इमेजनेट स्पर्धा, कंप्युटरनं फोटो ओळखायचे. क्रिझेव्स्कीनं घरी, स्वतःच्या खोलीत मशीन लावलं होतं आणि त्यात दोन जीटीएक्स ५८०, तीन जीबीवाली. हे गेमिंगचं कार्ड, दुकानात मिळणारं, अमेरिकेत ५०० डॉलरच्या आसपास. पाच-सहा दिवस मॉडेल ट्रेन होत राहिलं, म्हणजे प्रोग्राम फोटो बघून शिकत राहिला, आणि निकाल आला तेव्हा यांची चूक १५.३ टक्के, दुसऱ्या नंबरची २६.२. एवढा फरक त्या स्पर्धेत कोणी बघितला नव्हता.

आता दुकानदार म्हणून मला विचारशील तर सगळं रहस्य त्या दोन कार्डांत आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं, कोणाची परवानगी, टेंडर, सेल्समन न लागता काउंटरवरून उचलता येणारं कार्ड, आणि त्यात तीच सोय जी सुपरकंप्युटरवाल्यांना. कुडा फक्त महाग कार्डात असतं तर तो मुलगा युनिव्हर्सिटीच्या खरेदी विभागात अर्ज करून बसला असता, आणि खरेदी विभाग म्हणजे काय हे आपल्याकडे काय सांगायला पाहिजे, जगात सगळीकडे सारखेच. एएमडीकडेही तेव्हा चांगल्या चिपा होत्या, ताकदीत कमी नव्हत्या, पण सॉफ्टवेअर कधी या कार्डावर चालायचं कधी त्या, रात्री दोन वाजता अडकलं तर विचारायला कोणी नाही. तोपर्यंत कुडावाल्यांची पाच वर्षांची पुस्तकं, कोर्स, लायब्ररी (म्हणजे आयता लिहून ठेवलेला कोड) तयार होत्या.

मग बाबा म्हणतात ते नशीब? आहे की. त्या मुलांनी वापरलेलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून स्वतः शिकणारा प्रोग्राम, ही जुनीच कल्पना, हिंटन कित्येक दशकं त्यात होते, ती नेमकी याच पद्धतीच्या गणितावर चालते हे हुआंगनं ठरवलेलं नाही. पण घंटा वाजल्यावर तो ज्या वेगानं वळला ते नशीब नाही. दोन-तीन वर्षांत अख्खी कंपनी एआयकडे वळवली, २०१४ ला त्यासाठी खास लायब्ररी काढली, आणि २०१६ मध्ये डीजीएक्स-१ नावाचं मशीन, किंमत १,२९,००० डॉलर. त्यातलं एक तो स्वतः घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला ओपनएआय नावाच्या तेव्हाच्या छोट्या संस्थेत देऊन आला. २०२० मध्ये मेलानॉक्स विकत घेणं पूर्ण झालं, ६९० कोटी डॉलरचा सौदा होता, ही कंपनी हजारो मशीनं एकमेकांना जोडायच्या नेटवर्कचं सामान बनवते, तेव्हा लोकांना वाटलं याला नेटवर्क कशाला पाहिजे. २०२२ च्या शेवटी त्याच ओपनएआयचं चॅटजीपीटी आलं आणि सगळ्यांना एकदम हेच लागायला लागलं, चिप, नेटवर्क, सॉफ्टवेअर, आणि तिन्ही एकाच दुकानात होतं.

आकडे एकदाच देतो. जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात विक्री सुमारे २,७०० कोटी डॉलर, दोन वर्षांनी १३,०५० कोटी. मे २०२३ मध्ये कंपनीची बाजारातली किंमत एक लाख कोटी डॉलरला टेकली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच लाख कोटी, तिथे पोचलेली जगातली पहिली कंपनी. हुआंगचा हिस्सा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर तो शंभर अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. आणि तिसरा भागीदार कर्टिस प्रीम २००३ मध्येच बाहेर पडला आणि पुढच्या तीन वर्षांत त्यानं सगळे शेअर विकले. बरेचसे दानातही घातले. याबद्दल हळहळणारे लोक दानाचं सांगत नाहीत.

अपयशंही मोठी आहेत. मोबाइलसाठी टेग्रा चिप आणली, त्यासाठी २०११ मध्ये आयसेरा ही मोडेमची कंपनी घेतली, २०१५ ला ते दुकान बंद करावं लागलं, कारण फोनच्या बाजारात क्वालकॉमनं पाय ठेवू दिला नाही. टेग्रा शेवटी निनटेंडो स्विचमध्ये गेली, तिथे चांगली चालली. चिपांचं डिझाइन विकणारी एआरएम कंपनी ४,००० कोटी डॉलरला घ्यायला निघाला होता, सरकारांनी अडवलं, २०२२ च्या फेब्रुवारीत सोडून दिलं. आणि क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून क्रिप्टो कमावणाऱ्यांनी, किती कार्डं नेली हे नीट जाहीर केलं नाही म्हणून त्याच वर्षी अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ५५ लाख डॉलर दंड केला. तो मायनिंगचा काळ आम्ही दुकानदारांनी भोगलाय, कलाभवनातलं, म्हणजे आमच्या बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं, पोरगं प्रोजेक्टसाठी एक कार्ड मागायला यायचं आणि भाव ऐकून परत जायचं, मागून एखादा शेठ येऊन "जेटला होय एटला आपी दो", असतील तेवढी सगळी द्या, म्हणायचा.

काम करायची पद्धत विचित्र आहे. कित्येक वर्षं पन्नास-साठ माणसं थेट त्याला रिपोर्ट करायची, एकेकट्याला बोलावून खाजगीत मीटिंग करत नाही, जे सांगायचं ते सगळ्यांसमोर, झापायचं असलं तरी. कंपनीतल्या कोणीही आपल्या कामातल्या पाच मुख्य गोष्टींचं छोटं ईमेल टाकायचं आणि तो ती वाचतो. काहींना हे आवडतं, काहींना छळ वाटतो, मला वाटतं आपल्याकडच्या फॅमिली धंद्यात मोठे काका जसे सगळ्यांसमोर हिशोब घेतात त्यातलाच प्रकार आहे, फक्त हे काका १९९३ पासून गादीवर आहेत आणि काळं लेदर जॅकेट घालतात. २०२३ च्या एका मुलाखतीत त्याला विचारलं की आज तीस वर्षांचा असतास तर कुठली कंपनी काढली असतीस, तर म्हणाला काढलीच नसती, एवढा त्रास आहे हे आधी कळलं असतं तर. मोटिव्हेशनवाले हे वाक्य पोस्टरवर छापत नाहीत.

गुजरातमध्ये राहतोस म्हणून एक सांगून ठेवतो. आपल्याकडे धंदा म्हटला की पहिला प्रश्न जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, प्लॉट कुठे घेतलास. सध्या साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटा, सेमीकंडक्टर सेमीकंडक्टर चाललंय, आणि कोणीतरी मला विचारलं की एनव्हिडियाची फॅक्टरी कुठे. चिपा बनवायची फॅक्टरीच नाही त्यांची! हुआंग चिपचं डिझाइन करतो आणि बनवून घेतो मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीकडून. छोटी कंपनी असताना त्यानं टीएसएमसीच्या मॉरिस चँगना पत्र लिहिलं होतं, म्हाताऱ्यानं स्वतः फोन केला, तेव्हापासूनचं नातं. फॅक्टरी लागतेच, ती कोणाची तरी असतेच, आणि साणंद-धोलेऱ्याचं काम महत्त्वाचं आहे, पण तुझ्यासारख्याला डिझाइन आणि सॉफ्टवेअरमध्ये जागा जास्त आहेत आणि एनव्हिडियाची स्वतःची ऑफिसं पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत आहेत. पुणं काय, संध्याकाळी बसलं की सकाळी.

धोके? मोठे ग्राहक मोजके आहेत, चार-पाच क्लाउड कंपन्याच मालाचा मोठा हिस्सा उचलतात आणि त्या स्वतःच्या चिपाही बनवताहेत, गूगलची टीपीयू ही एआयची चिप तर कधीपासून आहे. चीनला चांगल्या चिपा विकण्यावर अमेरिकेनं २०२२ पासून निर्बंध घातलेत. बहुतेक माल तैवानमधून. शेअर घेऊ का असं विचारू नकोस, मी हार्डवेअरवाला आहे.

कुडाचं मात्र सांगतो. शिक, पण त्यासाठी बाबांकडून दीड लाखाचं कार्ड मागू नकोस. सी प्लस प्लस नीट येत असेल तर पहिले दोन महिने गूगल कोलॅब या ऑनलाइन सोयीत टी४ नावाचं कार्ड फुकट वापरायला मिळतं त्यावर काढ, मॅट्रिक्सचा गुणाकार स्वतः लिही, तो लायब्ररीपेक्षा किती हळू चालतो ते मोज, का हळू चालतो ते शोध, यातच अर्धा कुडा येतो. टिकलास तर मग जुनं आरटीएक्स ३०६० बघ, बारा जीबीवालंच, आठ जीबीचंही त्याच नावानं येतं ते घेऊ नको, एआयच्या कामाला मेमरी जास्त लागते. मायनिंगमधून आलेलं कार्ड असेल तर पंखा हातानं फिरवून बघ, घरघर आली तर बेअरिंग गेलंय, मागच्या पट्टीवर गंज किंवा तेलकट डाग आहेत का बघ, आणि पैसे द्यायच्या आधी अर्धा तास लोड टाकून तापमान बघू द्या म्हण. विकणारा नाही म्हणाला तर उठ. सिरीयल नंबरवरून वॉरंटी किती उरलीय ते तिथल्या तिथे ऑनलाइन तपास, आणि बिल पक्कं माग, जीएसटीवालं.